आत्याबाईंचं मिचकावणं

९ जानेवारी

निरीक्षणाच्या तक्त्यात शिव्या लिहायला जागा नसते, म्हणून ही वही. तक्त्यात फक्त तारीख, वेळ, आभाळ कसं होतं, किती वेळा चमकलं आणि किती सेकंदांत, एवढंच भरायचं असतं. बायको गच्चीच्या दाराला कडी घालायला विसरली, मांजर वर आलं आणि ऐन वेळी माझ्या पायात घुटमळलं, हे मास्तरांना कळवून काय उपयोग?

मास्तर म्हणजे आमचे म्होरके. निवृत्त शिक्षक, परगावी राहतात. आम्ही आठ-दहा हौशी लोक आपापल्या गच्चीतून आकाशातलं भंगार बघतो आणि त्यांना कळवतो, ते सगळ्यांचे आकडे एकत्र लावतात. भंगारच म्हणायचं त्याला. मेलेले उपग्रह, रिकामी रॉकेटं, वर सोडून दिलेली आणि कोलांट्या खात फिरणारी. आपल्याकडे सूर्य मावळला तरी तेवढ्या उंचीवर ऊन असतं. कोलांटी खाताना एखादी सपाट बाजू उन्हाला लागली की खालून लखकन चमक दिसते. दोन चमकांमधला वेळ मोजला की कोलांटीचा वेग कळतो, आणि वेग अचानक बदलला की वर काहीतरी घडलं असं समजायचं. टाकी फुटली असेल, तुकडा निखळला असेल. जगात कुणाला त्याचं काही पडलेलं नाही, म्हणून आम्ही करतो.

माझी खास मर्जी एका जुन्या रॉकेटच्या नळीवर आहे. तिला मी आत्याबाई म्हणतो. माझी सख्खी आत्या अशीच होती. आल्या आल्या डोळे वटारायची आणि लगेच, आई बघत नाही असं बघून, मला डोळा मिचकावायची. या आत्याबाईंचीही एक चमक भगभगीत, पुढची बारीक. वटारणं, मिचकावणं, पुन्हा वटारणं. मध्ये साडेपाच सेकंद. आज मांजराला लाथेने बाजूला सारत सारत मोजलं, तरी आकडा चोख आला.

बायको म्हणाली, "त्या रॉकेटला तुम्ही जेवढं बघता तेवढं मला बघितलं असतंत तर मी पण चमकले असते."

२२ जानेवारी

आज यार्डात माझं कौतुक झालं. परवा एका पेपरवाल्याने माझ्या छंदावर चार ओळी छापल्या होत्या. जहाजदुरुस्तीच्या यार्डातला क्रेनचालक, दिवसभर उंचावरून खाली बघतो आणि संध्याकाळी गच्चीतून वर, सेकंदाच्या दहाव्या हिश्शापर्यंत अचूक वगैरे. सुरक्षा अधिकाऱ्याने ते कात्रण सूचनाफलकावर लावलं. त्याच्या मते नजर कशी असावी ते सगळ्यांना कळलं पाहिजे. मी वरवर "कशाला, कशाला" म्हणालो, पण डब्याच्या सुट्टीत फलकाजवळून तीनदा गेलो.

टिल्लू म्हणाला, "दाजी, आता तुम्ही आम्हाला ओळख दाखवणार की नाही?" टिल्लू माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. सहा फुटांच्या वर उंची, म्हणून नाव टिल्लू. यार्डात मीच चिकटवला त्याला. मी वर क्रेनच्या केबिनमध्ये आणि तो खाली इशारे द्यायला. दिवसा हाताने, अंधारायला लागलं की टॉर्चने. पांढरा दिवा म्हणजे खाली घे, तांबडा म्हणजे थांब. एकदा पांढरा दाखवला की तांबडा दिसेपर्यंत माल खाली घेतच राहायचं, ही आमच्या यार्डाची जुनी रीत. वॉकीटॉकी येणार येणार म्हणून आम्ही म्हातारे व्हायला आलो. तांबडा दिवा म्हणजे तरी काय, दुसऱ्या एका साध्या टॉर्चच्या काचेला चिकटवलेला तांबडा कागद.

आमच्या पाळीतल्या वेल्डरने दुर्बीण मागितली. त्याला चंद्र बघायचाय. फार कमी बोलणारा माणूस, पण आज म्हणाला, "आम्ही काळ्या काचेतून जग बघणारे. एकदा उघड्या डोळ्यांनी नीट बघू द्या." (पुढचं मागाहून लिहितोय.) रविवारी दिली. सोमवारी त्याने फडक्यात गुंडाळून परत आणली, काच पुसलेली.

६ फेब्रुवारी

आत्याबाईंचा फेरा सध्या भर दिवसा आहे, त्यामुळे दर्शन नाही. रिकामा बसलोय म्हणून तक्रारी लिहितो. यार्डात नवे दिवे बसवले आणि पहिल्यापेक्षा कमी उजेड! कंत्राटदाराने हात मारलेला दिसतोय. मी बोललो तर सगळे माझ्याकडे बघत राहिले. बोलायची हिंमत कुणात नाही.

आमच्या गल्लीतही तेच. परवा कोपऱ्यावर फूटपाथची कड दिसली नाही आणि गुडघा फोडून घेतला. स्कूटर आता संध्याकाळी काढतच नाही. समोरून येणारे लोक हेडलाइट एवढे भगभगीत लावतात की नंतर पाच मिनिटं काही सुचत नाही. बस बरी.

१४ फेब्रुवारी

आत्याबाई परत संध्याकाळच्या फेऱ्यावर आल्या आणि त्यांनी मिचकावणं सोडलंय!

पहिल्या चमकेला घड्याळ सुरू केलं. वटारणं. मग बारक्या चमकेची वाट पाहिली, नाही आली. पुन्हा वटारणं. अकरा सेकंद. पुन्हा अकरा. दुर्बिणीतून डोळ्यांत तेल घालून बघत होतो, डोंगरामागे जाईपर्यंत. मध्ये काही म्हणजे काही नाही. याचा अर्थ नळीच्या एका बाजूचा चमकणारा भाग निखळून पडला. आणि तो पडलेला पहिल्यांदा मी पाहिला. म्हणजे, पडल्याचं पाहिलं.

मास्तरांना लगेच कळवलं. बायकोला सांगितलं तर म्हणाली, "बरं झालं, त्यांचंही वय झालं असेल." ही बाई कशालाच भारावत नाही.

१७ फेब्रुवारी

मास्तरांचं उत्तर आलं आणि तोंडात मारल्यासारखं झालं. दुसऱ्या दोघांना बारकी चमक व्यवस्थित दिसते आहे. एक कॉलेजातली मुलगी आणि एक दातांचा डॉक्टर. मुलीचं सोडा, कॅमेऱ्याने काढते, कॅमेरा काय वाटेल ते दाखवतो. पण डॉक्टर! जन्मभर लोकांच्या तोंडात वाकून बघणारा माणूस, त्याला आभाळातलं काय दिसणार? जुना आकडा बघून ठोकून देत असेल.

मास्तरांनी शेवटी हळूच लिहिलंय, "जमल्यास घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी एकदा शेजारी उभं करून बघायला सांगा." एवढी वर्षं मी आकडे पाठवतोय आणि आता माझ्या आकड्यांना साक्षीदार हवा? नाही सांगणार कोणाला. दुर्बिणीच्या काचेला बुरशी आली असेल, एवढंच.

२१ फेब्रुवारी

चष्म्याच्या दुकानात दुर्बीण नेली. दुकानदाराने ती उघडली, दिव्यासमोर धरली, परत मिटली. "काका, दुर्बीण ठणठणीत आहे. आरशासारखी." मग माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत म्हणाला, "आलाच आहात तर डोळे तपासू का? आतल्या अंधाऱ्या खोलीत, पाच मिनिटं."

मला चष्मा गळ्यात मारायचा बेत लगेच कळला. यार्डात दरवर्षी तपासणी होते, भर दुपारी, यार्डाच्या डॉक्टरच्या खिडकीशेजारी. तक्त्यावरची शेवटची ओळ मी घडाघडा वाचतो, खालचं छापखान्याचं नावसुद्धा वाचतो. तसं दुकानदाराला सुनावलं आणि बाहेर पडलो. दाराबाहेरच्या पायरीवर कुणीतरी कुंडी ठेवली होती, ती फुटली. त्याचंही मलाच ऐकून घ्यावं लागलं.

२७ फेब्रुवारी

बायकोला अलीकडे नवीन सवय लागली आहे. मी कामावरून यायच्या वेळी ती जिन्यातला दिवा लावून वरच्या पायरीवर उभी असते. रस्त्याने जाताना माझ्या उजव्या बाजूला येते आणि दंडाला धरते. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर हे प्रेम उतू जातंय म्हणून मी चिडवलं, तर हसली नाही. म्हणाली, "तुमचा मामा आठवतो का हो?"

न आठवायला काय झालं! मामा दिवस मावळला की दाराबाहेर पाऊल टाकत नसे. शेजारी कुणाला बरं नसलं तरी जायचा नाही. सगळे त्याला भित्रा म्हणायचे, आम्ही पोरं तर अंधारात लपून त्याला भो करायचो. एकदा तो आमच्या अंगावरच पडला. "त्याचं काय?" मी विचारलं. "काही नाही, सहज," म्हणाली आणि आत गेली.

आत्याबाई आज पुन्हा आल्या. अकरा.

४ मार्च

काय लिहू.

संध्याकाळची पाळी होती. जहाजाच्या उघड्या पोटात लोखंडी प्लेट उतरवायची होती. टिल्लूने पांढरा दाखवला, मी घेत गेलो. सावकाश, नेहमीसारखी. तांबडा दाखवलाच नाही त्याने. प्लेट टेकल्याचा हादरा दोरातून हाताला कळतो, पण आज टेकायच्या आधीच हादरा आला, आणि खाली माणसं धावायला लागली.

वेल्डर होता खाली. हातमोजे राहिले म्हणून वाकून आत शिरला होता म्हणे. जिवंत आहे. कमरेखालचं विचारू नये.

मी खाली उतरलो तेव्हा टिल्लू गुडघ्यावर बसलेला होता. मला म्हणाला, "दाजी, थांबला का नाहीत?" मी म्हणालो, "तू तांबडा दाखवलास का?"

५ मार्च

डोळे मिटले की दोराचा हादरा हाताला लागतो. पण मी काय चुकलो ते मला कळत नाही. पांढरा दाखवला तर खाली घ्यायचं आणि तांबडा दिसेपर्यंत घ्यायचं. मी खालीच बघत होतो. दिवा दाखवला असता तर मला दिसला असता.

टिल्लू सगळ्यांना सांगतोय की दोनदा दाखवला. बायको माहेरी जाऊन आली.

७ मार्च

वेल्डर गेला. सकाळी.

त्याने पुसून दिलेली काच मी आजवर वापरत होतो. दुर्बीण कपाटात ठेवून दिली.

१२ मार्च

चौकशी झाली. सुरक्षा अधिकारी, वरच्या ऑफिसातले दोघे, युनियनचा सेक्रेटरी. टिल्लू म्हणाला, तांबडा दाखवला, थांबत नाही बघून पुन्हा दाखवला, मग ओरडत धावलो. बाकीच्यांनी ओरडणं ऐकलं, दिवा कोणी पाहिला नाही, सगळ्यांच्या माना कामात. तांबडा टॉर्च त्याच्या खिशात सापडला. धावताना कोंबला असं तो म्हणतो. वरच्या ऑफिसातला एक म्हणाला, "ओरडलास, म्हणजे दिव्याची आठवण राहिली नसणार."

मग मला विचारलं. मी खरं ते सांगितलं. "मला तांबडा दिवा दिसला नाही."

"न बघितल्यामुळे, की न दाखवल्यामुळे?" हे सेक्रेटरीने विचारलं.

मी काही बोलायच्या आधी सुरक्षा अधिकारी मध्ये पडला. फलकावरचं कात्रण काढून त्याने टेबलावर ठेवलं. "हा माणूस हजारो किलोमीटरवरची चमक सेकंदाच्या दहाव्या हिश्शापर्यंत पकडतो. याची डोळ्यांची तपासणी निर्दोष आहे. याला चाळीस मीटरवरचा टॉर्च दिसणार नाही?"

आणि मला, लाज वाटते लिहायला, त्या क्षणी बरं वाटलं. छाती जराशी फुगली. टिल्लू खाली बघत होता.

त्याला घरी बसवलंय. निकाल लागला की नोकरी जाणार आणि पोलिसांत केस जाणार. माणूस मेलाय, कुणावर तरी ठपका ठेवावाच लागतो.

१६ मार्च

बायको जेवायला वाढते, भांडी घासते, दिवा लावून जिन्यात उभी राहते. बोलत मात्र नाही. आज मीच म्हणालो, "तुझा भाऊ आहे म्हणून मी खोटं बोलायला हवं होतं का?"

ती म्हणाली, "तुम्ही खोटं बोलला नाहीत ते मला माहिती आहे. तोही बोलत नाहीये. तेच तर मला गिळता येत नाही."

दोघांपैकी एक चूक असणारच. हे तिला समजावून सांगितलं. ती मान हलवत ऐकत होती, आणि ऐकता ऐकता तिने माझ्या पायाजवळची बादली उचलून भिंतीशी ठेवली.

२४ मार्च

आज टिल्लू आला. मी गच्चीत होतो. इतक्या दिवसांनी दुर्बीण काढली होती, कारण घरात बसवत नव्हतं. जिन्यात त्याची चप्पल ओळखली. वाटलं, आता गळा धरणार.

तो कठड्याला टेकून उभा राहिला. दाढी वाढलेली. म्हणाला, "दाजी, एकदा नीट आठवून बघा. एवढंच सांगायला आलोय. माझ्या पोरीच्या शाळेत पण सगळ्यांना कळलंय."

"आठवून आठवून डोकं फुटायची पाळी आली," मी म्हणालो. "नाही दिसला रे मला."

तेवढ्यात आत्याबाईंची वेळ झाली आणि सवयीने माझा हात घड्याळाकडे गेला. माणसाच्या सवयी किती निलाजऱ्या असतात! डोंगराच्या वर पहिलं वटारणं दिसलं, मी घड्याळ दाबलं. टिल्लूला आकाशातलं कधी काही कळलं नाही, विचारलं तर "विमान असेल" म्हणायचा. आजही बोलायला काही उरलं नाही म्हणून तो वर बघत राहिला असावा.

"हे काय आहे?" तो म्हणाला. "एकदा मोठा दिवा, एकदा बारका?"

मी म्हणालो, "बारका कुठला? मोठाच तेवढा."

"हा काय. आता मोठा... थांबा... हा बघा बारका. परत मोठा."

दुर्बीणसुद्धा नव्हती त्याच्याकडे. मी दुर्बीण त्याच्या हातात दिली, दुसऱ्या हातात घड्याळ दिलं. म्हणालो, "मोठा दिसला की दाब, आणि बारका दिसला की परत दाब." तो वैतागला. "दाजी, ही वेळ आहे का?" मी म्हणालो, "दाब रे, पाया पडतो तुझ्या."

त्याने दाबलं. घड्याळ त्याच्या हातातून घेतलं आणि जिन्यातल्या दिव्याखाली जाऊन बघितलं. साडेपाच. तो आकडा त्याला कोणी सांगितलेला नव्हता. पेपरात नव्हता, फलकावर नव्हता.

मी पायरीवर बसलो. टिल्लू विचारत होता, काय झालं, पाणी आणू का. त्याला म्हणालो, काही नाही, तू घरी जा.

२५ मार्च

आता सगळंच आठवतंय. कुंडी, फूटपाथ, यार्डातले दिवे. मामा. मामा भित्रा नव्हता, त्याला अंधारात दिसतच नसणार, आणि आम्ही त्याला अंधारात भो करत होतो.

बायकोला सांगितलं. ती ओट्याशी उभी होती, वळली नाही. "जिन्यातलं मला कळत होतं," ती म्हणाली. "रस्त्यावरचं पण. म्हटलं, वय झालं, सांगितलं तर चिडाल. पण दिवसा तुम्ही सुईत दोरा ओवता हो! क्रेनवरचं माझ्या डोक्यातच आलं नाही. देवाशपथ नाही आलं." मग ती रडली. भाऊ घरी बसल्यापासून पहिल्यांदा.

मास्तरांनी सांगितलं तेव्हा हिला एकदा शेजारी उभं केलं असतं तर वेल्डर आज हातमोजे घालून काम करत असता. चष्म्याच्या दुकानात पाच मिनिटं बसलो असतो तरी. माणूस मी मारला. मुद्दाम नाही, पण मीच. आणि आळ टिल्लूवर घातला.

२६ मार्च

भीती वाटते तेही लिहितो. सांगितलं तर उद्यापासून क्रेन नाही. मला दुसरं काही येत नाही. केस माझ्यावर येईल. अंधार बहुतेक वाढतच जाणार, मामाचं शेवटी दिवसासुद्धा असंच झालं होतं. न सांगितलं तर काय होईल याचाही विचार केला, हे लपवून काय करू. पूर्ण एक तास केला. टिल्लू अजून तरणा आहे, त्याला दुसरीकडे काम मिळेल, वगैरे. मग खालून त्याच्या पोरीचा आवाज आला, ती तिच्या आत्याकडे, माझ्या बायकोकडे आली होती. माझी मलाच शिसारी आली.

सरकारी दवाखान्यात डोळ्यांसाठी नाव घातलं. नंबर पुढच्या महिन्याच्या शेवटी. निकाल त्याच्या आधी आहे.

मास्तरांना लिहिलं, चौदा फेब्रुवारीपासूनची माझी सगळी निरीक्षणं काढून टाका, चमक जागेवर आहे, दोष माझ्या नजरेत आहे. दातांच्या डॉक्टरांना माझ्यातर्फे सॉरी म्हणा. अर्ध्या तासात उत्तर आलं. "काढली. काळजी घ्या." एवढंच. आकाशाचं काम इतकं सोपं असतं.

२९ मार्च

सुरक्षा अधिकाऱ्याकडे गेलो. सरळ सांगितलं की मला संध्याकाळी मंद उजेड दिसत नाही, टिल्लूने तांबडा दाखवला होता. त्याने दार लावून घेतलं. मला वाटलं, आता ओरडेल. पण तो मायेने बोलायला लागला, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

"समजू शकतो," म्हणाला. "घरात बायको रडत असेल. मेहुणा म्हणजे मुलासारखा. पण म्हणून स्वतःचे डोळे फोडून घेणार का?"

मी आत्याबाईंची गोष्ट सांगितली. साडेपाच आणि अकरा. तो हसला. त्याने माझी तपासणीची कागदं काढली, शेवटची ओळ बिनचूक, सही, शिक्का. मग ते कात्रण. "हे सगळं खोटं म्हणू? चौकशीचे कागद वर गेलेत. निकाल सोमवारी आहे. घरी जा, विश्रांती घ्या, आणि असं दुसरीकडे कुठे बोलू नका. नोकरी जाईल."

इतकी वर्षं मी लोकांना पटवत होतो की माझी नजर चुकत नाही. पटलं त्यांना.

तिथून उठून युनियनच्या सेक्रेटरीकडे गेलो. हा चिडका माणूस, माझं आणि त्याचं कधी पटलं नाही. त्याने सगळं ऐकलं आणि फक्त विचारलं, "क्रेनवर बसून सगळ्यांसमोर करून दाखवाल?" म्हणालो, दाखवीन.

२ एप्रिल

काल संध्याकाळी झालं. लिहायला आज बसलोय, दिवसाउजेडी.

सेक्रेटरीने वरच्या ऑफिसात जाऊन दम दिला म्हणून अधिकारी तयार झाला. तीच जागा, तीच वेळ. दोराला काही टांगलेलं नव्हतं. खाली जहाजाच्या पोटात सगळे बाजूला उभे, आणि वेल्डर जिथे होता तिथे कोणी पाय ठेवत नव्हतं. टिल्लूचेच दोन्ही टॉर्च, साधा आणि तांबडा कागद लावलेला, अधिकाऱ्याने हातात घेतले. ठरलं असं की आधी पांढरा दाखवायचा, मग मनात येईल तेव्हा तांबडा. मला दिसला की मी हूक थांबवायचा.

केबिनमध्ये माझ्यामागे सेक्रेटरी उभा होता आणि त्याच्या शेजारी टिल्लू. त्याला मान वाकवून उभं राहावं लागत होतं. चढताना शिडीवर त्याने मागून माझ्या पाठीला हात लावून ठेवला होता, मी पडू नये म्हणून. मी त्याची माफी मागितली नव्हती अजून. शिडीवर मागणार होतो, पण जमलं नाही.

पांढरा दिवा दिसला. स्वच्छ दिसला. मी हूक खाली सोडायला लागलो.

खरं लिहितो. एवढं सगळं स्वतःहून करून घेतलं तरी तिथे खुर्चीत बसल्यावर मला तांबडा दिसावा असंच वाटत होतं. जीव एकवटून बघत होतो. खालचा अंधार म्हणजे नुसती एक काळी घोंगडी, आणि तिच्यात कुठेतरी तो बारका ठिपका उमटेल, मी दांडा ओढीन, हूक थांबेल, आणि मग माणूस मी मारलेला नसेल. टिल्लूचं काय होईल ते त्या वेळी माझ्या मनातही नव्हतं.

हूक खाली चालला होता. काही दिसत नव्हतं. मला वाटलं, अधिकारी मुद्दाम वेळ काढतोय, मला फसवायला बघतोय. बराच वेळ गेला. मी खिडकीतून तोंड बाहेर काढून ओरडलो, "दाखवा की आता!"

सगळे वर माझ्याकडे बघत उभे असावेत.

मागून टिल्लूचा हात माझ्या हातावर आला आणि त्यानेच दांडा ओढून हूक थांबवला.

"दाजी," तो हळूच म्हणाला, "ते केव्हाचे दाखवतायत."